भेग शोधायची तर वाक मोजा

१९९३ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्क शहरात, रिओ ग्रांदे नदीवरचा आय-४० महामार्गाचा जुना पूल पाडण्यात येणार होता. पाडण्यापूर्वी लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांना त्यावर एक प्रयोग करण्याची संधी मिळाली. पुलाच्या दोन मुख्य पोलादी गर्डरपैकी एक, सुमारे तीन मीटर उंचीचा गर्डर, मधल्या गाळ्यात गॅस कटरने चार टप्प्यांत कापण्यात आला. पहिल्यांदा उभ्या पत्र्यात साधारण ६० सेंटिमीटरची चीर पाडली. मग ती थेट खालच्या फ्लँजपर्यंत, म्हणजे गर्डरच्या तळाच्या आडव्या पट्टीपर्यंत, नेली. तिसऱ्या टप्प्यात खालचा फ्लँज निम्मा कापला आणि चौथ्यात तो पूर्ण तोडला. प्रत्येक टप्प्यानंतर पूल हलवून त्याची कंपने नोंदवली. मूळ पूल सेकंदाला २.४८ वेळा, म्हणजे २.४८ हर्ट्झने, डोलत होता. पहिल्या कापानंतर आकडा आला २.५२, दुसऱ्यानंतरही २.५२, तिसऱ्यानंतर २.४६ आणि गर्डरचा खालचा भाग पूर्ण तुटल्यानंतर २.३०. कापल्याने गर्डर अधिक ताठ होत नाही, हे उघड आहे. तरी सुरुवातीला वारंवारता वाढलेली दिसली, कारण तापमान आणि मोजणीच्या वेळची इतर परिस्थिती यांमुळे पडणारा फरक कापाने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा होता. चार पावलांपैकी तीन पावलांपर्यंत, पुलाचा एक मुख्य गर्डर मोडायला आला असतानाही, वारंवारतेने काही सांगितले नाही.

कंपनावरून बांधकामाची तब्येत ओळखण्याची कल्पना तरीही खोटी ठरत नाही. ती चुकीच्या ठिकाणी लावली जाते, एवढेच. तुळईची स्वाभाविक वारंवारता हा सबंध तुळईचा गुण आहे, तर भेग ही एका जागेची गोष्ट आहे. सबंध तुळईची सरासरी घेणाऱ्या मापात एका जागेची हानी विरघळून जाते. म्हणून नुकसान शोधायचे तर तुळई किती वेगाने कंप पावते यापेक्षा ती कुठे, किती जास्त वाकते हे मोजायला हवे. आणि हा वाक अगदी जवळून, तुळईला हात न लावता किंवा तिच्यावर नाममात्र भार टाकून मोजण्यासाठी चुंबकी सेन्सर इतर बहुतेक साधनांपेक्षा सोयीचे आहेत. मात्र कुठल्या जागी कुठला चुंबकी सेन्सर लावायचा हे नीट ठरवले नाही, तर हीच सोय फसवी ठरते.

वारंवारता भेगेबद्दल इतकी मुकी का, हे एका साध्या पट्टीवर पाहता येते. अर्धा मीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी घ्या, तिचे एक टोक वाइसमध्ये घट्ट आवळा आणि दुसरे मोकळे सोडा. पोलादाची लवचिकता आणि घनता माहीत असल्याने तिची पहिली स्वाभाविक वारंवारता गणितानेच काढता येते. ती सुमारे १६ हर्ट्झ येते, दुसरी सुमारे १०२. या पट्टीचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे. वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ताठपणा एक टक्का घटला तर वारंवारता अर्धा टक्काच घटते. इथेच निम्मा परिणाम हातचा जातो. आता वाइसच्या तोंडाशी, जिथे वाक सर्वाधिक असतो तिथे, जाडीच्या पाव भागापर्यंत खोल भेग आहे असे धरा. भंगशास्त्रातली प्रस्थापित सूत्रे लावली तर पहिली वारंवारता जेमतेम एक टक्क्याच्या आसपास उतरते. भेग निम्म्या जाडीपर्यंत गेली तर घट जेमतेम पाच-सहा टक्के. दुसरीकडे ही पट्टी ३० अंश सेल्सियसने तापली, तर पोलादाची लवचिकता किंचित बदलून वारंवारता सुमारे अर्धा टक्का उतरते. म्हणजे सकाळ-दुपारच्या उन्हातला फरक आणि पाव जाडीची भेग यांचा परिणाम जवळपास एकाच मापाचा आहे. मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहण्याची आपली रीत चांगली आहे, कारण मडक्याच्या आकाराच्या मानाने तडा मोठा असतो आणि तो आरपार गेलेला असतो. पन्नास मीटरच्या गर्डरमधल्या बोटभर भेगेला ती रीत लागू पडत नाही.

या पट्टीवर कंपन मोजण्यासाठी सर्रास वापरला जाणारा त्वरणमापी, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर, मोकळ्या टोकाला चिकटवला आणि त्याचे वजन फक्त १० ग्रॅम धरले, तर काय होते? मोकळ्या टोकाशी पट्टीचे 'जाणवणारे' वस्तुमान तिच्या एकूण वजनाच्या साधारण पाव भागाएवढेच, म्हणजे १२० ग्रॅमच्या आसपास असते. त्यात १० ग्रॅमची भर पडली की वारंवारता सुमारे चार टक्के खाली येते. म्हणजे निम्मी जाडी कापून गेलेल्या भेगेने जेवढी घट होते, तिच्या जवळपास जाणारी घट मोजणाऱ्या उपकरणाने स्वतः घडवली. सेन्सर कायम तिथेच राहणार असेल तर हा दोष हिशेबात धरता येतो. पण तो काढून दुसऱ्या जागी लावला, त्याची केबल थोडी वेगळ्या रीतीने लोंबली, चिकटवणारे मेण थोडे जास्त झाले, तर नोंदींची तुलनाच बिघडते. पुलासारख्या अवजड बांधकामात दहा ग्रॅमने काही फरक पडत नाही, हे खरे. पण पंखे, टर्बाइनची पाती, पातळ पत्र्याचे भाग, प्रयोगशाळेतली प्रारूपे अशा हलक्या वस्तूंमध्ये मोजणाऱ्याने वस्तूला हात न लावणे ही चैन नसून अट आहे. चुंबकाचा उपयोग इथून सुरू होतो.

चुंबकाने कंपन मोजण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्या एकाच नावाखाली ओढल्या की गोंधळ होतो. सर्वांत जुनी वाट फॅराडेने १८३१ साली दाखवलेल्या प्रवर्तनाची. चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांच्या सापेक्ष हलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि तो हलण्याच्या वेगाच्या प्रमाणात असतो. भूकंपमापनातला आणि तेलसंशोधनातला जिओफोन याच तत्त्वावर चालतो. त्याला बाहेरून वीज लागत नाही. हलणारी वस्तू पोलादी असेल तर चुंबक आणि वेटोळे दोन्ही बाहेर स्थिर ठेवूनही काम भागते, कारण पोलाद जवळ-दूर झाले की चुंबकीय प्रवाहाची वाट बदलते. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप तारेचे कंपन असेच पकडतो. दुसरी वाट १८७९ साली एडविन हॉल याने शोधलेल्या परिणामाची. प्रवाह वाहणाऱ्या पातळ पट्टीवर चुंबकीय क्षेत्र पडले की आडव्या दिशेने दाब उमटतो. तुळईवर ग्रॅम-दोन ग्रॅमची चुंबकाची चकती चिकटवली आणि समोर हॉल सेन्सर धरला, तर चकतीचे सरकणे सरळ विजेच्या भाषेत मिळते. तिसरी वाट एडी करंट प्रोबची. यातल्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडतात, समोरच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांच्या उलट परिणामावरून प्रोब आणि धातू यांतले अंतर कळते. धातू लोखंडच असला पाहिजे असेही नाही, अ‍ॅल्युमिनियम चालते. तेल, धूळ, वाफ मध्ये आली तरी बिघडत नाही, कारण त्यांतून वीज वाहत नाही. या प्रोबची उद्योगात रुळलेली संवेदनशीलता मिलिमीटरला सुमारे आठ व्होल्ट आहे, म्हणजे एका मायक्रोमीटरच्या हालचालीला आठ मिलिव्होल्ट. हे माप सहज वाचता येते.

स्पर्श न करणे म्हणजे परिणाम न करणे, असा समज मात्र करून घेऊ नये. पोलादी पट्टीजवळ कायम चुंबक आणला तर तो पट्टीला ओढतो. पट्टी जवळ येईल तशी ओढ वाढते, त्यामुळे चुंबक उलट्या स्प्रिंगसारखा वागून पट्टीचा ताठपणा कमी झाल्याचे भासवतो. पट्टी हलताना तिच्यात प्रेरित होणारे प्रवाह कंपन थोडे विझवतातही. म्हणजे निष्काळजीपणे लावलेला चुंबक भेगेचीच सही खोटी करू शकतो. एडी करंट प्रोबमध्ये ही अडचण नगण्य आहे, कारण त्याचे क्षेत्र क्षीण आणि वेगाने उलटसुलट होणारे असते. हलक्या तुळईवर काम करायचे असेल तर माझी पसंती म्हणूनच कायम चुंबकापेक्षा एडी करंटला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे, वाक मोजण्याकडे. तुळईच्या कोणत्याही छेदात वाकवणारे बल आणि ताठपणा यांचे गुणोत्तर म्हणजे तिथली वक्रता. भेगेने एका जागी ताठपणा कमी केला, की त्याच बलाखाली त्याच जागी वक्रता वाढते आणि शेजारी जवळपास तशीच राहते. तुळईचे सरकणे, म्हणजे विस्थापन, हे या वक्रतेचे दोनदा केलेले संकलन असते आणि संकलनात टोके बोथट होतात. म्हणून विस्थापनाच्या आलेखात भेग दिसत नाही, वक्रतेच्या आलेखात मात्र टोक होऊन उभी राहते. १९९१ साली ए. के. पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट संगणकीय प्रारूपांवर स्पष्टपणे मांडली. आय-४० पुलाच्या नोंदींवर पुढे पाच पद्धतींची तुलना झाली, तेव्हा वक्रतेतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या बदलावर आधारलेली पद्धत एकूणात सरस ठरली. हलक्या कापांबाबत तिच्यासह सगळ्याच पद्धतींना मर्यादा होत्या, पण तुटलेली जागा दाखवण्यात वक्रतेची बाजू वरचढ होती. वारंवारता बदलल्याने फार तर 'काहीतरी झाले' एवढे कळते. ते कुठे झाले हे वक्रता सांगते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अनेक वारंवारता एकत्र पाहिल्या तर त्याही जागा सांगतात. कॉली आणि ॲडम्स या ब्रिटिश संशोधकांनी १९७९ साली दाखवले, की दोन वेगवेगळ्या वारंवारतांमध्ये पडलेल्या फरकांचे गुणोत्तर भेगेच्या खोलीवर अवलंबून नसते, फक्त तिच्या जागेवर असते. प्रत्येक कंपनरूपात तुळई काही ठिकाणी जास्त वाकते, काही ठिकाणी मुळीच वाकत नाही. जिथे वाक शून्य, तिथल्या भेगेने ती वारंवारता हलत नाही. म्हणून वारंवारतांच्या घटीचा नमुना जागेची खूण देतो, आणि त्यासाठी एकच सेन्सर पुरतो. युक्ती देखणी आहे आणि कारखान्यात बनणारे एकसारखे भाग, स्थिर तापमान, पक्के आधार असतील तिथे ती उत्तम चालते. पण दोन्ही टोकांना सारखे टेकलेल्या तुळईत डावीकडची आणि उजवीकडची भेग तिला वेगळी ओळखता येत नाही. शिवाय ती ज्या घटींचे गुणोत्तर घेते, त्या घटीच एक टक्क्याच्या आसपासच्या असतात. त्यांत तापमानाने अर्ध्या टक्क्याचा हात फिरवला की गुणोत्तराला अर्थ उरत नाही.

वक्रतेचीही किंमत मोजावी लागते. विस्थापनाच्या नोंदींवरून वक्रता काढायची तर ओळीने तीन बिंदूंची मापे घेऊन त्यांतली तफावत अंतराच्या वर्गाने भागावी लागते. आपल्या पट्टीचे मोकळे टोक एक मिलिमीटरने हलत असेल आणि सेन्सर ५० मिलिमीटरवर एक असे लावले असतील, तर बुंध्याजवळ ही तफावत साधारण ३० मायक्रोमीटर येते. भेगेमुळे वक्रता दहा टक्क्यांनी वाढली, तर शोधायचा फरक ३ मायक्रोमीटरचा. प्रत्येक सेन्सरची चूक एका मायक्रोमीटरच्या बरीच आत असली पाहिजे, नाहीतर तीन मापांच्या चुका मिळून भेगेला झाकतील. प्रयोगशाळेत एडी करंट प्रोबची ओळ हे करू शकते. पण त्या ओळीला न हलणारा आधार हवा. वाहत्या नदीवर वीस मीटर उंचीवरच्या गर्डरखाली असा आधार आणायचा कुठून? टेबलावर देखणी ठरलेली पद्धत पुलावर जशीच्या तशी नेण्याचे दावे इथेच कोसळतात, आणि ते तपासल्याशिवाय स्वीकारू नयेत असे मला आग्रहाने वाटते. पुलाला बाहेरचा आधार न मागणारे सेन्सर लागतात. एक तर जिओफोन, ज्याच्या पोटातले स्प्रिंगवरचे चुंबक-वेटोळे हाच त्याचा आधार असतो. नाहीतर वाक थेट तुळईच्या पृष्ठभागावर वाचणारा सेन्सर.

हा दुसरा प्रकार चुंबकशास्त्राच्या एका वेगळ्या कोपऱ्यातून येतो. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाची लांबी सूक्ष्म प्रमाणात बदलते, हे जूल याने १८४२ साली दाखवले. याच्या उलट गोष्ट, म्हणजे ताणल्या-दाबल्याने चुंबकीय गुण बदलणे, व्हिलारी याने १८६५ साली नोंदवली. लोहबहुल अस्फटिकी मिश्रधातूच्या सुमारे २५ मायक्रोमीटर जाडीच्या फिती या बाबतीत विलक्षण संवेदनशील असतात. दुकानांतल्या चोरीविरोधी टॅगच्या एका प्रकारात अशाच फिती असतात. अशी फीत तुळईच्या पृष्ठभागावर चिकटवली, की तुळई वाकताना फीत ताणली जाते, तिची चुंबकीय पारगम्यता बदलते आणि काही मिलिमीटर अंतरावर धरलेले वेटोळे तो बदल वाचते. फितीला तार जोडावी लागत नाही आणि तिचे वजन नगण्य असते. आपल्या पट्टीत बुंध्याजवळ पृष्ठभागाचा स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल, दशलक्षांत सुमारे ३० असतो, आणि हे माप अशा फितीच्या आवाक्यातले आहे. मुख्य लाभ असा, की पृष्ठभागाचा स्ट्रेन हा वक्रतेच्याच प्रमाणात असल्याने दोनदा वजाबाकी करून चुका वाढवण्याची पायरीच गळते. वक्रता थेट हाती येते. पोलादी गर्डर स्वतःही चुंबकीय आहे, तेव्हा फितीशिवाय गर्डरच्याच चुंबकत्वातला बदल का वाचू नये, असे कोणी विचारेल. तसे प्रयत्न झाले आहेत. पण गर्डरचे चुंबकत्व त्याच्या आजवरच्या इतिहासावर, वेल्डिंगवर, उचलताना वापरलेल्या चुंबकावर, पृथ्वीच्या क्षेत्रात तो कोणत्या दिशेला पडून होता यावरही अवलंबून असते. इतक्या गोष्टींचे ओझे वाहणाऱ्या मापावर मी एखाद्या पुलाचा निर्णय सोपवणार नाही.

फितीलाही एक मर्म आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय तिचा उपयोग नाही. फीत भेगेवरून आडवी गेली असेल तर भेग उघडताना ती जोरात ताणली जाते आणि खूण स्पष्ट मिळते. पण ती भेगेला अगदी लागून, एका बाजूला असेल, तर उलट घडते. भेगेचा काठ मोकळा असल्याने त्याच्या शेजारचा पृष्ठभाग भारातून सुटतो आणि तिथला स्ट्रेन वाढण्याऐवजी कमी होतो. भेगेच्या खोलीच्या काही पट अंतरावर गेले की काहीच फरक जाणवत नाही. म्हणजे हा सेन्सर नेमक्या जागी बसला तरच बोलतो. 'जागा आधीच माहीत असेल तर सेन्सर कशाला?' हा प्रश्न मग आपोआप येतो. त्याचे उत्तर असे, की थकव्याने पडणाऱ्या भेगा गर्डरमध्ये कुठेही उगवत नाहीत. वेल्ड जिथे संपते ते टोक, जोडपट्टीचा शेवट, बोल्टचे भोक, छेद अचानक बदलतो तो कोपरा, आडव्या आणि मुख्य गर्डरचा सांधा, अशा मोजक्या जागांवर अभियंत्यांचे बोट आधीच असते. हजार जागांपैकी पन्नास जागा त्यांना माहीत असतात. त्या पन्नासांपैकी आज कोणती उघडू लागली, हे मात्र डोळ्याने कळत नाही. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४९ अनुभवी तपासनिसांना तेच पूल पाहायला दिले, तेव्हा एकाच भागाला सरासरी चार ते पाच वेगवेगळे दर्जे मिळाले. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला, त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्तीपुरताच दोषी ठरला होता. डोळ्याच्या तपासणीला सोबत हवी, यात वाद राहिलेला नाही. वाद आहे तो सोबत कोणाची, एवढाच.

सर्वांत जड आक्षेप सिल्व्हर ब्रिजचा आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायो यांना जोडणारा हा पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी काही क्षणांत नदीत गेला आणि ४६ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत कारण सापडले ते साखळीतल्या एका पोलादी दुव्याच्या भोकाशी असलेली सुमारे अडीच मिलिमीटर खोल भेग. दुवा सुटा केल्याशिवाय ती दिसणे शक्य नव्हते. इतक्या लहान भेगेने वारंवारता, वक्रता, यातले काहीही मोजण्याजोगे बदलले नसते. आक्षेप खरा आहे आणि त्याला वळसा घालता येत नाही. ठिसूळ पोलादात, एकाच घटकावर सगळा भार असलेल्या बांधकामात, कंपनाची पद्धत उशीर करते. तिथे चुंबकाचा दुसरा उपयोग लागतो. पोलाद चुंबकित करून भेगेच्या काठावरून बाहेर गळणारे क्षेत्र शोधायचे, किंवा लोहचूर्ण टाकून त्याची रेघ पाहायची. लिफ्टचे आणि खाणींतले दोर, तेलवाहिन्या यांची तपासणी गळणाऱ्या क्षेत्रावरून वर्षानुवर्षे होत आली आहे. ती भेग लहान असतानाच पकडते, पण तिला यंत्र घेऊन त्या जागी जावे लागते आणि दोन भेटींच्या मधल्या काळात ती आंधळी असते. वाहतूक चालू असताना दिवसरात्र पहारा देण्याचे काम कंपनाचेच.

या पहाऱ्याचा तापमानाने होणारा घात किती मोठा असतो, हे स्वित्झर्लंडमधील झेड-२४ पुलाने दाखवून दिले. पाडण्याआधी १९९७-९८ मध्ये जवळपास वर्षभर त्याची कंपने नोंदवली गेली. तापमान गोठणबिंदूखाली गेले की डांबराचा थर कडक होऊन पुलाला ताठपणा देई आणि वारंवारता चढे. दहा महिन्यांत मुख्य वारंवारतांमध्ये १४ ते १८ टक्क्यांचा फरक पडला, पुलाला काहीही झालेले नसताना. नंतर मुद्दाम नुकसान केल्यावर, तापमानाचा हिशेब वजा करून, बिघाड ओळखता आला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे वारंवारता निरुपयोगी नाही, पण तिला वर्षभराची निरोगी नोंद आधी लागते. शेजारशेजारच्या दोन फितींच्या स्ट्रेनचे गुणोत्तर घेतले तर ही गरज बरीच कमी होते. ऊन दोघींवर सारखे पडते, भेग एकीखाली असते. आपल्याकडे डांबर गोठत नाही, पण चैत्रातल्या उन्हात गर्डरची वरची बाजू आणि सावलीतली खालची बाजू यांत पडणारा फरक त्याला स्वतःच वाकवतो. त्यामुळे प्रत्येक सेन्सरशेजारी तापमानाची नोंद हवीच.

ज्याला आधीच्या नोंदीची सर्वांत कमी गरज पडते असाही एक मार्ग आहे, आणि त्यात चुंबकी सेन्सरने अनेक वर्षे कामगिरी बजावली आहे. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या औष्णिक केंद्रातल्या टर्बाइनचा दंड मिनिटाला ३००० फेरे घेतो. तोही एक तुळईच आहे, फिरणारी. त्याच्यात आडवी भेग पडली तर स्वतःच्या वजनाने ती खाली आल्यावर उघडते आणि वर गेल्यावर मिटते. ताठपणा फेरीगणिक बदलत राहतो, म्हणून फिरण्याच्या वारंवारतेच्या दुपटीचे कंपन वाढते, आणि यंत्र बंद करताना वेग क्रांतिक वेगाच्या, म्हणजे दंडाच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळणाऱ्या वेगाच्या, निम्म्यावर आला की ते उसळून दिसते. बेअरिंगजवळ बसवलेले एडी करंट प्रोब हेच पाहतात. दंडात राहिलेले चुंबकत्व किंवा धातूतली असमानता प्रोबला खोटी हालचाल दाखवते, म्हणून संथ गतीची नोंद आधी घेऊन ती वजा करतात. तापमानाने पोलाद मऊ होते, पण उघडमीट करत नाही. म्हणून दुपटीची ही खूण वारंवारतेच्या घटीपेक्षा अधिक विश्वासाची आहे. सेन्सर स्वतः सरळ प्रमाणात चालला पाहिजे, एवढी काळजी घ्यावी लागते. गिटारच्या पिकअपसारखा, अंतर बदलताच वेगाने वाकडा होणारा प्रतिसाद स्वतःच दुप्पट वारंवारता निर्माण करतो आणि धड गर्डरला भेगाळलेला ठरवतो.

पुलाला बंद करून वेग उतरवता येत नाही, पण रेल्वेच्या गर्डर पुलावर त्याच्या जवळ जाणारी स्थिती रोज मिळते. गाडीचा शेवटचा डबा उतरल्यानंतर काही सेकंद गर्डर मोकळा कंप पावत राहतो आणि हळूहळू थांबतो. २५ किलोव्होल्टच्या तारांतला ५० हर्ट्झचा प्रवाह तिथे सेन्सरला त्रास देतो खरा, पण मोठ्या गर्डरची मुख्य कंपने त्याच्या बरीच खाली असतात आणि गाळणीने वेगळी काढता येतात. गाडी पुलावर असतानाची नोंद टाकून द्यावी, कारण तेव्हा शेकडो टन हलते लोखंड सेन्सरजवळून जात असते आणि डब्यांचे वजन वारंवारता बदलत असते. उरलेल्या त्या सेकंदांत संशयित सांध्यांवरच्या फितींची आपसातली गुणोत्तरे आणि दुप्पट वारंवारतेचा अंश, एवढी दोनच मापे तापमानासह रोज साठवली, तरी वर्षभरात एका सांध्याची शेकडो नोंदींची मालिका तयार होते. अटल सेतूवर १८० मीटरपर्यंतचे पोलादी गाळे आहेत आणि त्यांच्या रस्त्याखालच्या पत्र्याच्या वेल्डवर रोज असंख्य चाकांचा भार येतो. अशा नव्या बांधकामांत तर ही मालिका पोलाद निरोगी असतानाच सुरू करता येते. झेड-२४ वर मिळाले होते वर्षभर, तेही पाडण्याच्या आधीचे. आय-४० वर तर कापाच्या आधीची नोंद जेमतेम काही दिवसांची होती.